मेड इन तैवान, जिल्हा पांढुर्णा

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाद नको. ते गोटे आहेत. संत्री नाहीत.

मागच्या दोन महिन्यांत हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं, की आता दूधवाला दारात आला तरी मला वाटतं याला आधी गोट्यांचं सांगावं, मग भांडं पुढं करावं. मी पांढुर्ण्याचा माणूस. गोटा काय असते आणि संत्रं काय असते, हे मला बंगलोरात बसून कोणी शिकवावं? आयटीआयत तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं मी. अर्ध्या तालुक्याचे मिक्सर माझे विद्यार्थी दुरुस्त करून राहिले. पण इज्जत? इज्जत विचारू नका.

भानगड सुरू झाली एप्रिलच्या शेवटी, अश्विनीच्या फोननं. अश्विनी आमची मुलगी, पुण्याला नोकरीला आहे.

"बाबा, तुम्ही बनवलेला टीव्हीवरचा गेम होता ना, नदीवाला? तो इंटरनेटवर आहे. लोक त्याच्यावर भांडून राहिले."

मला आधी आनंदच झाला. माणसाच्या हातची वस्तू सत्तावीस वर्षांनी जगाला भांडण्यालायक वाटते, ही काही लहान गोष्ट नाही. मग तिनं ते पान मोबाईलवर पाठवलं, ते मी वाचलं, आणि त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण रागात जेवलो.

झालं असं होतं, की मूळचा नाशिकचा आणि आता बंगलोरला असलेला चेतन नावाचा एक इसम जुन्या बिनपरवान्याच्या गेमांचं मोठं पुस्तक लिहून राहिला. बिनपरवान्याचे म्हणजे, टीव्हीला जोडायचं मशीन एका कंपनीचं, आणि तिला न विचारता भलत्यानंच बनवून विकलेल्या कॅसेटी. नव्वदच्या दशकात त्या पिवळ्या, लाल कॅसेटी मिळायच्या ना, वर लिहिलेलं 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम एकात' आणि आत निघायचे सात, त्या सगळ्या त्याच जातकुळीच्या. तर त्या पुस्तकात माझ्या गेमबद्दल छापायचा मजकूर असा होता:

'ऑरेंज वॉर. निर्माता अज्ञात, तैवान. विषय: इटलीतला संत्री फेकून मारण्याचा सण. दोष: उजवीकडचा खेळाडू कधीही जिंकू शकत नाही. निर्मात्याची तांत्रिक चूक.'

तैवान! इटली! आणि तांत्रिक चूक!

अहो, ती चूक नव्हे, ते धोरण होतं. डावीकडं पांढुर्णा, उजवीकडं सावरगाव, मधात जाम नदी, नदीत पळसाचं झाड, झाडावर झेंडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची आमची गोटमार, त्या झेंड्यासाठी दोन गावांनी एकमेकांवर गोटे मारायचे. दरवर्षी डोकी फुटतात, दरवर्षी मी दार लावून घरात बसतो. सत्त्याण्णव साली असंच बसलो असताना डोक्यात आलं, की हीच गोटमार टीव्हीवर आणली तर? खुमखुमी असेल त्यानं खेळावं, रक्ताचा थेंब नाही. आयटीआयत चिपमध्ये माहिती भरायचं मशीन होतं. एक जुनी कॅसेट उघडली, त्यात दोन माणसं एकमेकांवर चेंडू फेकायची. सांगाडा तो ठेवला आणि बाकी सगळं बदललं. पुढच्या वर्षी पाच महिने राबलो. चित्रं तेवढी इंदूनं काढून दिली. इंदू म्हणजे आमची बायको. तिला भरतकामाचे नमुने चौकटीच्या कागदावर काढायची सवय होती, तसेच गेमची माणसं, झाड, झेंडा चौकोन रंगवून काढायचे. ते काही फार नाही. भाजी निवडता निवडता व्हायचं. मी ते चौकोन एक आणि शून्यात टाइप करायचो, आणि ते खरं काम.

गोटे नारिंगी काऊन, हाही प्रश्न मला दहा जणांनी विचारला. त्या मशीनवर एका चित्राला तीनच रंग मिळत. गोट्याला करडा दिला असता तर झेंड्याचा रंग गेला असता. आता झेंडा करडा करू का? पांढुर्ण्यात राहायचं आहे मला.

सावरगाव जिंकू शकत नाही, हे मात्र मी मुद्दाम केलं. इंदू सावरगावची आहे. त्या वेळी ती एवढंच म्हणाली होती, "बरं."

अकरा कॅसेटी बनवल्या. दोन ठेवल्या, एक घरी आणि एक साळ्याला, प्रकाशला, दिवाळीची भेट म्हणून. उरलेल्या नऊ घेऊन सौसरला गेलो. तिथं बसस्टँडजवळ कवडूचं टीव्ही आणि टेपचं दुकान होतं. कवडूनं कॅसेट लावली, पाहिली, खूश झाला, आणि म्हणाला, "सर, माल कडक आहे. पण पांढुर्ण्याची कॅसेट सौसरचा माणूस घेईन का? तुम्हीच सांगा, तुम्ही घ्याल का?"

मी विचार केला. खरं सांगायचं तर मीही घेतली नसती. जवळच्या गावची वस्तू आपण फक्त लग्नात आहेर म्हणून देतो.

कवडूकडं 'मेड इन तैवान' छापलेल्या चिकटपट्ट्यांचं अख्खं बंडल होतं. एका दिवाळीला लायटिंगच्या माळांसाठी आणलेलं. गोटे नारिंगी दिसले म्हणून 'ऑरेंज वॉर' हे नावही त्यानंच ठेवलं. पट्ट्या मी स्वतः चिकटवल्या, ठेवलेल्या दोन्हींवरही, फुटपट्टी लावून, एकदम सरळ. नऊच्या नऊ कॅसेटी आठवड्यात गेल्या.

आता मला सांगा, कॅसेटीवर तैवान लिहिलं आहे म्हणून लगेच तैवान समजायचं? चौकशी नको करायला?

चेतनला मी रागाचा एक लांबलचक निरोप टाकला. त्याचं उत्तर आलं, अगदी नम्र. अशा नम्रपणाचा मला जास्त राग येतो.

"काका, तुमचं पत्र वाचून आनंद झाला. पण हा गेम मीच बनवला म्हणणारे तुम्ही पाचवे. एक जण दिल्लीचा आहे, दोघे हाँगकाँगचे, आणि एक म्हणतात त्यांच्या दिवंगत काकांनी बनवला. पंधरा जूनला पुस्तक छापायला जातंय. त्याआधी काही पुरावा देऊ शकाल का?"

पाचवा! मी! ज्यानं कॅसेटीला सोल्डरिंगचे डाग देताना जेवायच्या टेबलाचं लाकूड जाळलं, तो पाचवा!

आमच्या शेजारी यशवंतराव राहतात. पटवारी म्हणून रिटायर झाले. जगात जी वस्तू स्टँप पेपरवर नाही ती अस्तित्वातच नाही, असा त्यांचा विश्वास आहे. कंपाउंडवरून त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "सर, यात काय आहे? शपथपत्र करा. सरकारी शिक्का पाहिला की तैवान गप्प बसते."

मी म्हटलं, "माझ्याकडं कॅसेट आहे ना घरची."

"आणा बरं, पाहू."

पेटीतून कॅसेट काढली. वास मारत होती. यशवंतरावांनी नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले. "ओल धरली. ऊन दाखवा तिले चार दिवस."

तेवढं मलाही पटलं. झाकण काढून कॅसेट गच्चीवर इंदूच्या कुरड्यांशेजारी ठेवली, आणि आम्ही दोघं शपथपत्राच्या मागं लागलो. तेव्हा दारातून इंदूचा गोंदलेला डावा हात आला, चहाचे दोन कप टेकवले आणि परत गेला. आमच्या घरात चहा असाच येतो.

ज्या कचेरीत गेलो तिचं नाव घेत नाही, कारण मला तिथं अजून जायचं आहे. भूपेंद्र नावाचा बाबू होता. माणूस चांगला, पाणी विचारलं. अर्ज वाचला आणि पेन खाली ठेवला.

"सर, तुम्ही हे कधी बनवलं?"

"अठ्ठ्याण्णव साली."

"तवा पांढुर्णा जिल्हा होता का?"

"नव्हता. छिंदवाड्यात होतो आपण."

"मग हे छिंदवाड्याचं मॅटर झालं ना जी. आमचा जिल्हा तर आताचा. जिल्हा जन्मायच्या आधीचं आम्ही कसं प्रमाणित करू?"

छिंदवाड्याला गेलो. उन्हात, बसनं, यशवंतराव सोबत, त्यांच्या मांडीवर पाण्याची कळशी. तिथं म्हणाले, तुम्ही आता पांढुर्ण्याचे, तुमचा आमचा काय संबंध? सत्तावीस वर्षांपूर्वीचा मी एका जिल्ह्याचा आणि आताचा मी दुसऱ्याचा. दोघांना एकत्र आणेल असं टेबल कुठंच नाही. परत येऊन भूपेंद्रला सांगितलं. त्याला दया आली. म्हणाला, "चला, करून टाकू. विषय काय लिहू?"

"गोटमारीवरचा व्हिडिओ गेम."

त्याचा हात तिथंच थांबला.

"सर, गोटमार लिहिलं तर हे कानून-व्यवस्थेत जाईन. ठाण्याची एनओसी लागन. वरतून प्रश्न येईन का खेळाच्या माध्यमातून गोटे मारायले उत्तेजन देऊन राहिले का?"

"अरे बापा, लोकांनी खरे गोटे मारू नये म्हणूनच तर बनवला!"

"हौ जी, मले समजते. पण फाईलले नाही समजत." मग त्यानं मोबाईलवर ते पान पाहिलं, आणि चेहरा एकदम खुलला. "सर, हे तर संत्रे दिसून राहिले. संत्रा लिहून टाका ना. संत्र्याले काही एनओसी नाही लागत."

मी उठलो. खुर्ची पडली. मी म्हटलं, "भूपेंद्र, प्राण गेला तरी संत्रा लिहिणार नाही!" शेजारच्या टेबलावरच्या बाई आपल्या डब्यातलं संत्रं सोलता सोलता थांबल्या. अर्ज तिथंच टाकून मी निघून आलो.

या सगळ्यात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी गच्चीवर गेलो. कुरड्या छान वाळल्या होत्या. कॅसेटही वाळली होती. पण चिपवरचा कागद गायब.

आता हे जरा समजून घ्या. त्या काळच्या चिपला वर काचेची छोटी खिडकी असायची. त्या खिडकीतून आत बरेच दिवस कडक ऊन पडलं, की भरलेलं सगळं पुसून जाते. म्हणून तिच्यावर काळा कागद चिकटवायचा. हा प्रश्न मी तीस वर्षं तोंडी परीक्षेत विचारला. ज्याला आला नाही त्याला नापास केलं.

"यशवंतराव! इथला कागद कोणी काढला?"

"म्या काढला," कंपाउंडवरून अभिमानानं उत्तर आलं. "पहिल्याच दिवशी. त्याच्या खालीच तर ओल होती, सर."

माझ्या तोंडून काय निघालं ते इथं लिहीत नाही. यशवंतराव दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. म्हणजे उलट तेच रागावले. पाच महिन्यांचं माझं काम त्यांनी कुरड्यांसोबत वाळवलं, आणि रुसले ते!

राहता राहिली एकच कॅसेट, सावरगावची. पुलाच्या पलीकडं प्रकाशकडं गेलो. प्रकाश इंदूचा धाकटा भाऊ, वेल्डिंगचं दुकान चालवते. विचारलं, भाऊ, ती दिवाळीची भेट आहे का अजून?

"आहे ना, भाऊजी. काऊन नसन?" असं म्हणून त्यानं कूलरकडं बोट दाखवलं. कूलरच्या एका पायाखाली, फरशीतल्या खड्ड्यात, माझी कॅसेट. झाकणावर तैवानची पट्टी अजून सरळ.

"किती वर्षं झाली?"

"आठ-नऊ. काय मजबूत माल बनवला तुम्ही! आधी इटा ठेवून पाहिल्या, फुटल्या."

मी कूलरला हात घातला. प्रकाशनं माझा हात धरला.

"देतो, भाऊजी. पण एक अट. तुम्ही लिहून द्या का सावरगावही जिंकू शकते. मी त्या गेममध्ये रोज हरलो. पूर्ण हिवाळा हरलो. मले वाटे माह्या हातातच खोट आहे. मग एक दिवस अश्विनी बोलली, मामा, ते बाबांनी तसंच केलं आहे." त्याचा आवाज जरा बसला. "भेट दिली ना तुम्ही? मग भेटीत कोणी असं करते का?"

आता इथं शहाण्या माणसानं लिहून दिलं असतं. पण पांढुर्ण्याचा माणूस सावरगावात उभा राहून असं लिहून देईल? मी हात झटकून परत आलो. पंधरा तारखेला सहा दिवस होते.

तीन दिवस मी घरात आदळआपट केली. पंखा हळू फिरते म्हणून चिडलो, वरणात मीठ जास्त म्हणून चिडलो. चौथ्या दिवशी इंदूनं विचारलं, "त्याचं काय चुकलं पण?"

"तूसुद्धा?"

तिनं पिशवी घेतली, पुलाकडं गेली. तासाभरानं परत आली, पिशवीतून आधी वांगी काढली, मग कॅसेट.

"कशी दिली त्यानं?"

"मागितली. दिली."

एवढंच. आणि मी चार दिवस आंतरराष्ट्रीय वाटाघाटी करून राहिलो होतो.

चौदा जूनला सकाळी अकरा वाजता चेतनचा व्हिडिओ फोन. आयटीआयतून घरी आणलेल्या जुन्या पेटीवाल्या टीव्हीला गेमचं मशीन जोडलं. समोर मी इस्त्रीचा शर्ट घालून. यशवंतराव खुर्ची घेऊन आले. प्रकाशही आला, म्हणाला, "माह्या कूलरची वस्तू आहे, तिच्याकडं लक्ष द्यायले आलो."

कॅसेट लावली. मशीन सुरू केलं, आणि पडद्यावर नदी आली. सत्तावीस वर्षं, त्यातली नऊ कूलरखाली, आणि तरी नदी तशीच निळी. चेतन बिचारा उड्या मारायचाच बाकी राहिला. कॅसेट उघडून आतली जोडणी दाखवली, माझ्या हातचे सगळे डाग दाखवले. तो सारखं "वा, काका, वा" म्हणत होता. मग गंभीर झाला.

"काका, मला मनापासून वाटतंय की हे तुमचंच आहे. पण मूळ कॅसेट दिल्लीवाल्यांकडेही आहे. म्हणून सगळ्यांना विचारलेला एक प्रश्न तुम्हालाही विचारतो. शेवटी झेंडा निघतो, झाड आडवं होतं, तेव्हा झाडाच्या बुंध्याशी दोन सेकंद एक खूण दिसते. ती काय आहे?"

"कोणती खूण?"

त्यानं ती मोठी करून दाखवली. एक लहानसं चित्र. मधात उभी रेघ, तिला दोन्हीकडं बारीक फांद्या, बाजूला ठिपके.

एक आणि शून्यात ते मीच टाइप केलं असणार. पण पाच महिने रोज हजार चौकोन टाइप करणारा माणूस चौकोन पाहते, चित्र पाहत नाही.

"ते... झुडूप आहे," मी म्हटलं. "नदीकाठी असतात अशी झुडपं."

चेतन अगदी हळू म्हणाला, "काका, दिल्लीवालेही झुडूपच म्हणाले. हाँगकाँगवाले चिनी अक्षर म्हणतात. दोन्हीकडचे ठिपके सारखे का नाहीत, हे कुणालाच सांगता येत नाही. सॉरी काका. पुराव्याशिवाय मला 'अज्ञात'च लिहावं लागेल."

संपलं. प्रकाश खाली पाहत होता. यशवंतराव हळूच म्हणाले, "मी म्हटलं होतं, शपथपत्र." त्यांच्या अंगावर धावून जायचंही त्राण माझ्यात उरलं नाही. खरं सांगतो, रडू आलं मला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून.

"झुडूप नव्हे थे," दारातून आवाज आला. "तुळस आहे."

इंदू चहा घेऊन उभी होती. कप तिनं टीव्हीवर ठेवले, पदर खोचला, आणि डावा हात माझ्या मोबाईलसमोर धरला. मनगटाच्या वर, हिरव्या रंगात, उभी रेघ, बारीक फांद्या. एका बाजूला चार ठिपके. दुसऱ्या बाजूला तीन.

"आठ वर्षांची होती मी," ती चेतनला सांगायला लागली, जसं त्याला रोज ओळखते. "आजीनं जामसांवलीच्या जत्रेत गोंदवून दिलं. शेवटचा ठिपका राहिला तवा मी हात सोडवून पळाली. लय दुखे. आजी म्हणे, पुढच्या वर्षी पुरा करू. पुढच्या वर्षी आजीच नव्हती."

चेतनचा आवाज आला, "काकू, हात जरा जवळ आणता का?" त्यानं ठिपके मोजले. आम्हीही मोजले. चार आणि तीन. लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि त्या हातावरचे ठिपके मी पहिल्यांदा मोजले.

"पण हे तिथं कसं आलं, काकू?"

"म्याच ठेवलं. चित्रं सगळी म्याच काढली ना, बाबू. माणसं, नदी, झाड, गोटे. पाच महिने. आई पाय मोडून पडली होती, मी सावरगावले तिच्या उशाशी बसून काढत होती. हे संध्याकाळी पूल ओलांडून कागद घ्यायले येत. त्यावर कुठंच माह्यं नाव नव्हतं. म्हणून झाडाखाली आपली तुळस काढून ठेवली. म्हटलं, हे एकेक चौकोन टाइप करतात, कधी तरी दिसन. विचारतील, इंदू, हे काय आहे म्हणून."

ती माझ्याकडं वळली.

"अजी, जगानं तुमचं नाव नाही लावलं म्हणून दीड महिना तुम्ही घर डोक्यावर घेतलं. मी तर सत्तावीस वर्षं वाट पाहून राहिली. आणि माह्यं नाव तैवाननं नाही खाल्लं. तुम्ही खाल्लं."

"मग तू सांगितलं काऊन नाही?" मी कसंबसं विचारलं.

"तुम्ही विचारलं काऊन नाही?"

यशवंतरावांनी चहाचा कप उचलला आणि आवाज न करता प्यायला. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

संध्याकाळपर्यंत चेतनचा कागद आला. त्यात एकच ओळ भरायची होती: निर्मात्याचं नाव आणि ठिकाण. एक नाव, एक ठिकाण. पुस्तकाची मांडणीच तशी आहे म्हणे. खाली बारीक अक्षरात 'साहाय्य'. यशवंतराव म्हणाले, "कुटुंबप्रमुखाचं नाव टाका, सर. रेशन कार्डावर असते तसं." मी पेन घेऊन बसलो. माझ्या नावाचा 'म' काढलासुद्धा. याच ओळीसाठी मी दीड महिना उन्हात फिरलो, छिंदवाड्याला गेलो, खुर्ची पाडली, साळ्याशी भांडलो. ते एकच अक्षर मी बराच वेळ पाहत बसलो. मग खोडलं, आणि लिहिलं: इंदू कळंबे. मला वाईट वाटत होतं आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हीत जास्त कोणतं हे मी सांगू शकत नाही.

"ठिकाण पांढुर्णा लिहितो," मी म्हटलं.

"चित्रं कुठं काढली?"

"अगं, पण..."

"कुठं काढली, अजी?"

यावर आमचं पाऊण तास भांडण झालं. हे मी सहजासहजी सोडलं नाही, हे पांढुर्ण्याच्या लोकांनी लक्षात ठेवावं. शेवटी लिहिलं: सावरगाव, जिल्हा पांढुर्णा. पुस्तकाचं पान मोबाईलवर आलं त्या दिवशी प्रकाशनं सावरगावात पेढे वाटले. सावरगाव जिंकलं म्हणे! गेममध्ये एकदाही न जिंकता!

पान आता असं आहे. 'गोटमार. निर्माती: इंदू कळंबे, सावरगाव, जिल्हा पांढुर्णा. साहाय्य: म. कळंबे.' म. म्हणजे कोण, हे विचारायला कोणी येत नाही. त्याखाली लिहिलं आहे, 'उजवीकडचा खेळाडू जिंकू शकत नाही. ही चूक नसून निर्मातीच्या यजमानांचा हट्ट आहे.' हे चेतनला कोणी सांगितलं ते मला माहीत आहे. आणि शेवटची ओळ, जी मी तीन वेळा फोन करून टाकून घेतली: 'फेकल्या जाणाऱ्या वस्तू गोटे आहेत.' निदान एवढं तरी मिळालं.

जून संपता संपता भूपेंद्रचा फोन आला. "सर, या, तुमचं काम झालं!" मी म्हटलं, कोणतं काम? मी तर अर्ज टाकून निघून आलो होतो. "तुमचं अडू नये म्हणून म्याच फिरवला जी कागद. दोन टेबल पुढं नेला स्वतः. फक्त थोडी दुरुस्ती केली."

शपथपत्र जाड कागदावर, दोन गोल शिक्के, वर लाल सही. 'संत्रा फेंक खेल के एकमात्र निर्माता श्री मधुकर कळंबे।' एका ओळीत दोन खोट्या गोष्टी, आणि दोन्हींवर सरकारी शिक्का. मी म्हटलं, भूपेंद्र, हे रद्द कर. तो म्हणाला, रद्द करायला नवीन शपथपत्र लागते, आणि त्यात कारण लिहावं लागन, आणि कारणात गोटमार येईन, म्हणजे ठाण्याची एनओसी.

कागद घेऊन घरी आलो. इंदूनं चष्मा लावून दोनदा वाचला. 'एकमात्र' या शब्दावर जरा थांबली, एवढंच. मग त्याची आठ पदरी घडी घातली, पिशवीत टाकली, आणि पुलाकडं निघाली.

संध्याकाळी प्रकाशचा फोन आला. "भाऊजी, कॅसेट नेली तवापासून कूलर डुगडुगत होता. आता एकदम मस्त बसला. कागद लय मजबूत आहे."

मी म्हटलं, असणारच. माझं नाव आहे त्यावर.